तिथीची पाऊणपट

सातवीच्या वर्गाला भरती-ओहोटी शिकवायला लागून मला १९ वर्षं झाली. फळ्यावर पृथ्वी काढायची, चंद्र काढायचा, पृथ्वीच्या दोन बाजूंना पाण्याचे फुगवटे काढायचे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग. मग खारे वारे आणि मतलई वारे. आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, साकोलीच्या बाजूला. इथून कुठल्याही दिशेला निघा, समुद्र शेकडो किलोमीटर लांब. वर्गातल्या एखाद्याच पोराने तो पाहिलेला असतो. मी स्वतः मुंबईच्या चौपाटीवर दोनदा संध्याकाळी उभी राहिले होते, तेही गर्दीत, चप्पल हातात धरून. तेवढ्या भांडवलावर १९ वर्षं समुद्र शिकवला, ही गोष्ट मला मनातून टोचत होती.

पाणी मात्र मला परकं नाही. आमचा भागच तलावांचा. कोहळी लोकांनी पिढ्यांपूर्वी बांधलेले हे तलाव पुढे मालगुजारांकडे गेले, मालगुजारी संपली आणि सरकारी कागदांत ते ‘माजी मालगुजारी तलाव’ झाले. आम्ही म्हणतो मामा तलाव. आमच्या घराच्या मागे पाळ, पाळीच्या पलीकडे तलाव. आबाजी मला सुट्टीत पहाटे उठवून न्यायचे. वेळूची काडी, दोरा, गळ, आणि दोऱ्यात ओवलेला धांड्याच्या भेंडाचा तुकडा. गांडूळ लावायचं आणि त्या तुकड्याकडे बघत बसायचं. मी चुळबुळले की ते एवढंच म्हणायचे, “उगी राह्य पोरी.” मरळ लागली तर भेंड एकदम आत ओढलं जायचं. बोटरी असली तर नुसतं थरथरायचं. तलावाचं पाणी जागचं हलत नाही. त्यामुळे काही हललं की ते माशानेच हलवलं, हे नक्की. माझं सगळं मासे धरणं त्या एका खात्रीवर उभं होतं.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत शाळेतल्या दोघी मैत्रिणींनी मालवणचा बेत काढला. नागपूरहून गाडी, एक रात्र आणि जवळजवळ एक दिवस बसून कुडाळ, तिथून पुढे देवबाग. मैत्रिणींना सिंधुदुर्ग किल्ला बघायचा होता, पाण्याखाली बुडी मारायची होती. मी महिनाभर आधी एक दहा फुटी रॉड आणि रीळ मागवून ठेवलं होतं आणि घरामागच्या रिकाम्या वावरात शिसं फेकायची सवय करत होते. वावरात माझं शिसं पन्नास-साठ मीटर लांब जायचं.

देवबाग म्हणजे जमिनीची एक चिंचोळी पट्टी. एका अंगाला कर्ली नदीची खाडी, दुसऱ्या अंगाला अरबी समुद्र, मधे माडांची आणि घरांची एक ओळ. पट्टी जिथे संपते तिथे नदी समुद्राला मिळते आणि समोर भोगव्याचा किनारा दिसतो. काही ठिकाणी रस्त्यावर उभं राहिलं की डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचं पाणी दिसतं. किल्ल्याजवळ गरी टाकायची नाही हे मी घरूनच ठरवून निघाले होते. तिथलं पाणी १९८७ साली जाहीर झालेल्या सागरी अभयारण्यात येतं. देवबागची वाळू मोकळी होती.

पहिल्या पहाटे अंधारातच बाहेर पडले. पाठीवर गार वारा येत होता, खाडीकडून समुद्राकडे. वाळूपर्यंत पोचले तरी तो पाठीवरच. दोन मिनिटं लागली समजायला. मतलई! जमीन रात्रभर निवते, समुद्र ऊबदार राहतो, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून पाण्याकडे वाहतो. हे वाक्य मी किती वह्यांत तपासलं असेल. चूक असेल तिथे लाल रेघ मारली आहे. आणि तो वारा आज माझ्या ब्लाउजच्या पाठीवर होता. मी रॉड वाळूत रोवून तिथेच काही वेळ नुसती उभी राहिले.

त्या दिवशी काही लागलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. गोठवलेल्या कोळंबीचा तुकडा लावून मी जमेल तितकं लांब फेकत होते, दोरा ताणून धरत होते आणि दर मिनिटाला मला मासा लागल्याचा भास होत होता. समुद्रात सगळंच हलतं. लाट दोरा ओढते, शिसं वाळूवर सरकतं, वाहून आलेलं गवत अडकतं, रॉडचं टोक सारखं वाकतं आणि सरळ होतं. तलावाची खात्री इथे कामाला येईना. वारा फिरला तसा दोऱ्याचा गुंता झाला, तो सोडवण्यात एक सकाळ गेली. त्यात वाळूचे कण रिळात गेले, आणि मूठ फिरवताना आतून दळल्यासारखा आवाज यायला लागला.

नवमीला दुपारी मी खाडीच्या बाजूला गेले. पाणी पार उतरलं होतं. सात-आठ बायका लुगड्यांचे काचे मारून गुडघाभर चिखल-वाळूत वाकल्या होत्या आणि तिसऱ्या म्हणजे शिंपले वेचत होत्या. हाताची बोटं फण्यासारखी वाळूत घालायची, कठीण काही लागलं की उचलायचं, आणि कमरेच्या टोपलीत टाकायचं. बघायची गरजच नाही. त्यांतल्या एका म्हाताऱ्या मावशीने मला दोन दिवस वाळूवर उभं असलेलं पाहिलं होतं.

“खयसून इलंस गो?”

भंडाऱ्याहून, म्हटलं. नागपूरच्याही पुढे.

“ता खय इला? तुमच्याकडे दर्यो नाय?”

तलाव आहेत, म्हटलं, मोठे मोठे. मासेही आहेत. तलावात पाणी वर-खाली होत नाही का, असं त्यांनी विचारलं. पावसाळ्यात चढतं, उन्हाळ्यात उतरतं, वर्षातून एकदा, असं मी सांगितलं. त्यांना ते फार विलक्षण वाटलं. शेजारच्या बाईला हाक मारून त्यांनी ते सांगितलं. वर्षातून एकच भरती!

मग त्या म्हणाल्या, काल अष्टमी होती, आज नवमी, भांग आहे. “पानी हलाचा नाय. दशमीपासून बघ.” आणि एकादशीला पहाटे ये, तेव्हा पाणी सव्वाआठापर्यंत चढत असेल, असंही त्यांनी सांगितलं. त्यांच्या हातात ना मोबाइल ना घड्याळ. मी विचारलं, सव्वाआठ हे कसं? त्यांनी एका शब्दात मिटवलं: “तिथीचे पावणे.”

रात्री पडल्या पडल्या मी हिशोब केला. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता. अष्टमीला सहा. एकादशीला अकराचे पाऊण म्हणजे सव्वाआठ. दिवसा तेवढे वाजता आणि रात्रीही साधारण तेवढेच वाजता, कारण दोन भरत्यांमध्ये १२ तास २५ मिनिटं जातात. ओहोटी त्याच्या मधोमध. पौर्णिमा झाली की पुन्हा एकपासून मोजायचं. भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे जाते हे मी मुलांना पाठ करून घेते, आणि पाऊण तास म्हणजे ४५. किनारा बदलला की थोडं पुढे-मागे होतं, पण गरी घेऊन निघायला एवढं पुष्कळ. माझ्या पुस्तकातला चंद्र आणि त्या मावशीची तिथी एकच होती. हा हिशोब मला कुणी शिकवला असता तर मी पहिल्या वर्षापासून वर्गात शिकवला असता. आमच्या गावात घरोघरी भिंतीवर पंचांगाचं कॅलेंडर टांगलेलं असतं. संकष्टी कधी, एकादशी कधी, हे पोरांना तोंडपाठ असतं. त्याच पानावर समुद्र आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही.

दशमीला सकाळी रापण लागली. होडीने जाळं लांबवर अर्धगोल टाकून आणलं होतं आणि दोन्ही टोकांना माणसांच्या रांगा दोर ओढत होत्या. म्हातारे, कॉलेजातली पोरं, सगळे एका ठेक्यात मागे सरकत होते. जाळ्याच्या वाटेत माझा दोरा होता, तो मी आधीच गुंडाळून घेतला आणि विचारून एका दोराला हात लावला. ओला काथ्या तळव्याला कसा चावतो ते तेव्हा कळलं. पाऊण तास ओढल्यावर जे आलं ते पाहून मी गप्प झाले. दोन-तीन टोपल्या तारली, थोडे बांगडे, बरीच जेलीफिश. एवढ्या माणसांचा वाटा त्यातून निघायचा होता. बाहेर खोल पाण्यात मोठ्या यांत्रिक बोटी घेर टाकतात आणि रात्री दिवे लावून मासा गोळा करतात, मग काठाला येणार काय, हे दोर गुंडाळता गुंडाळता सगळेच बोलत होते. त्यावर बंधनं घालणारे आदेश निघालेले आहेत, तरी बोलणं तेच. निघताना एकाने माझ्या हातात दोन बांगडे ठेवले. मी नको म्हटलं. “दोर ओढलास मां? मगे?” दोराला हात लावला त्याचा वाटा, मग तो कुठूनही आलेला असो. मला तो घ्यावा लागला, आणि ते दोन बांगडे मला फार जड झाले. मी इथे हौसेने आले होते. माझ्या गरीला काही लागलं नाही तरी घरी पगार जमा होणार होता. तेव्हापासून मी एक ठरवलं, वाळूत सापडलेला तुटका तंगूस, म्हणजे मासेमारीचा नायलॉनचा दोरा, रोज उचलायचा. समुद्री कासवं याच दिवसांत अंडी घालायला या किनाऱ्यांवर यायला लागतात, आणि नायलॉन कुजत नाही. पाच दिवसांत बिस्किटाच्या रिकाम्या बरणीत मावेल एवढा गोळा झाला.

एकादशीच्या पहाटे मावशी वाळूवर आल्या. त्यांचा उपास होता, खाडीत उतरायचं नव्हतं, म्हणून मोकळ्या होत्या. मी रॉड मागे नेऊन सगळा जोर लावून फेकला. शिसं लांब कुठेतरी पडलं. त्या बघत होत्या.

“मासो तुझ्या पायाकडे आसा, आणि तू गरी थय टाकतंस!”

त्यांनी पिशवीतून प्लास्टिकची बाटली काढली. तिच्यावर तंगूस गुंडाळलेला, टोकाला करंगळीच्या नखाएवढी गरी आणि वर शिशाचा बारका तुकडा. वाळू उकरून त्यांनी लांबट किडा काढला, त्याचा तुकडा गरीला लावला, आणि पहिली लाट फुटते तिच्या जरा पलीकडे, दहा-बारा पावलांवर हातानेच सोडला. लाट जिथे फुटते तिथे वाळू खणली जाऊन एक उथळ चर तयार होतो. वाळूतले किडे, बारकी कोळंबी तिथे उघडी पडते आणि मुडदुशी ही मासळी तिथेच चरायला येते, गुडघाभर पाण्यात. मी तीन दिवस तिच्या डोक्यावरून फेकत होते.

बाटली त्यांनी माझ्या हातात दिली आणि तंगूस माझ्या तर्जनीवरून घेतला. “बोटाक कळता,” म्हणाल्या. दुसरं काही शिकवलं नाही.

सुरुवातीला बोटाला फक्त लाट कळत होती. लाट येते तेव्हा दोरा सैल पडतो, परत जाते तेव्हा सावकाश ताणला जातो. मग शिसं वाळूवरून घासत जातं त्याची खरखर कळायला लागली. ती लाटेहून वेगळी, बारीक आणि सलग. त्यानंतर एक गवताची काडी अडकली, ती नुसती जड होती. या तीन गोष्टी मी एकेक करून बाजूला ठेवत गेले. पाणी चढत होतं. उजाडायला लागलं होतं, पाठीमागे खाडीवरचं आभाळ पिवळसर झालं होतं. मधेच पायाखालची वाळू सरकली आणि मी एक पाऊल मागे आले. किती वेळ गेला सांगता येणार नाही. आणि मग बोटावर टक् टक् झालं. दोनदा, घाईने, नखाने कुणी काच वाजवावी तसं. पुन्हा टक् टक्. ते लाटेचं नव्हतं, वाळूचं नव्हतं, गवताचं नव्हतं. मी मनगट उचललं आणि दोऱ्याच्या पलीकडे काहीतरी जिवंत थरथरलं.

वीतभर मुडदुशी. लांबट, गोल अंगाची, पाठीवर ओल्या वाळूचा रंग, पोट पांढरं. तोंड इतकं निमुळतं की माझ्या आधीच्या गरीवर ती कधीच लागली नसती. जाळं आलं की हा मासा वाळूत डोकं खुपसून आत शिरतो आणि जाळं वरून निघून जातं. तळहातावर ती तेच करू बघत होती, माझ्या बोटांच्या बेचक्यात तोंड खुपसत होती. मी ती मावशींपुढे धरली. एवढ्या लांबून आलेल्या माझ्या पहिल्या समुद्री माशावर त्यांचाच हक्क होता.

“आज एकादस. माका नको. जिती आसा, सोड तिका.”

माझाही उपास होता. कार्तिकी एकादशी, पंढरपूरला लाखो माणसं उभी असतील, आणि मी मासा हातात धरून. गरी ओठाच्या कडेला लागली होती, ती अलगद निघाली. गुडघाभर पाण्यात हात बुडवून बोटं सोडली. क्षणभर ती तिथेच राहिली आणि मग दिसेनाशी झाली, वाळूच्या रंगाची वाळूत. त्या सकाळी मला आणखी चार लागल्या. चारही सोडल्या. पाचव्यांदा बोटावर टक् टक् झालं तेव्हा मी मनगट उचललंच नाही, किडा खाऊ दिला. दोऱ्याच्या त्या टोकाला काय चाललंय हे मला इथे उभ्याने कळत होतं. आबाजींना हे कळलं असतं. तेही कधीकधी भेंड बुडत असताना काडी उचलायचे नाहीत, मला तेव्हा त्याचा राग यायचा.

सव्वाआठला मी घड्याळ बघत होते. पाणी एका मोठ्या शिंपल्यापाशी आलं, त्याला दोनदा शिवलं. मग बराच वेळ त्याला काही शिवेना. साडेआठला शिंपल्याभोवतीची वाळू सुकायला लागली.

द्वादशीला उपास सुटला आणि मी खाण्यासाठी गरवायला गेले. तीन मुडदुशा मिळाल्या. त्यानंतर बोटाला जो ओढा बसला तो टक् टक् नव्हता, सरळ हिसका होता. काठावर आणलं तर मिशावाली शेंगटी. आमच्या तलावातल्या सिंगीला काटा असतो हे मला लहानपणापासून माहीत, आबाजी तिला फडक्यात धरायचे. तरीही मी घाईत उघडा हात घातला, आणि बाजूच्या पराचा करवती काटा अंगठ्याच्या बुडात गेला. कळ खांद्यापर्यंत चढली. डोळ्यांसमोर अंधारी आली, मी वाळूत बसले. मावशींनी शेंगटी दोऱ्यासकट बाजूला ओढली, माझा दंड धरून मला घरापर्यंत नेलं आणि चुलीवरचं पाणी घंगाळात ओतायला लावलं. “ऊन पान्यात धर. सोसता तितक्या ऊन.” या काट्याचं विष प्रथिनाचं असतं, ते उष्णतेने निकामी होतं, ४५ अंशांच्या आसपासचं, कातडी न भाजणारं पाणी हाच त्यावरचा पहिला उपाय, हे नंतर डॉक्टरांनीही सांगितलं. पाऊण तासात कळ मनगटाखाली उतरली. काटा आत मोडला नव्हता. डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि जखम उघडीच ठेवायला सांगितली.

शेंगटीबद्दल एक गोष्ट मला आधीपासून माहीत होती, आणि अंगठा गरम पाण्यात बुडवून बसले असताना ती सारखी आठवत होती. या जातीत मादी अंडी घालते आणि नर ती तोंडात घेतो. गोटीएवढाली अंडी. पिल्लं बाहेर पडेपर्यंत काही आठवडे तो ती तोंडातच सांभाळतो आणि तोवर काही खात नाही. म्हणजे पोटाशी पिल्लं असलेला बाप गरीला लागत नाही, जाळ्यात मात्र सापडतो.

त्या संध्याकाळी मावशींच्या अंगणात तुळशीचं लग्न होतं. उसाची कांडी, चिंचा, आवळे, दिवे. उजवा हात सुजलेला, म्हणून अक्षता डाव्या हाताने टाकल्या. मुडदुशा मावशींच्या सुनेने रवा लावून तव्यावर टाकल्या, तीन माशांत पाच माणसं. काटा कसा सलग निघतो ते धाकट्या नातवाने मला करून दाखवलं. निघताना मावशींनी ती तंगूसची बाटली माझ्या पिशवीत घातली. मी रॉड त्यांच्या नातवाला देऊ केला, त्याने तो घेतला, आणि रिळातली वाळू गोड्या पाण्याने धुऊन काढायला लगेच बसला.

बाटली आता शाळेत माझ्या कपाटात आहे. सुट्टी संपून शाळा भरली तेव्हा मी वर्गात भिंतीवर कॅलेंडर टांगलं आणि फळ्याच्या कोपऱ्यात रोजची तिथी लिहायला लावली. शेजारी पाऊणपट. गुणाकार पोरांनी करायचा. एकेकाच्या बोटावरून तंगूस घेऊन दुसऱ्या टोकाला मी टिचकी मारली, डोळे मिटून ओळखायला लावली. शेंगटीच्या बापाची गोष्ट सांगितली तेव्हा मागच्या बाकापर्यंत कुणी हललं नाही.

मधल्या सुट्टीनंतरचा तास होता, दीड वाजला होता. खिडकीतून तलाव दिसतो, त्यावर वारा नव्हता. मागून एकाने विचारलं, “मॅडम, आता तिकडं पाणी चढून राह्यलं असन का?”

फळ्यावर वद्य तृतीया लिहिलेली होती. मी काही बोलायच्या आत पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “तीनाचे पाऊण सव्वादोन. अजून पाऊण तास चढन.”

कोपऱ्यातल्या पोराने तलावाकडे पाहिलं.